पिशवी कुणी काढली? बातमीची मांडणी बदलली की उत्तर का बदलतं

एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात बीड जिल्ह्यातली एक बातमी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांमध्ये ऐन तारुण्यातल्या अनेक बायकांनी गर्भाशय काढून घेतलं होतं. गावात याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. ही बातमी मराठी दैनिकांत आली, वाहिन्यांवर आली, बीबीसीपर्यंत पोचली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला, तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आकडे दिले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

हे सगळं दोन-अडीच महिन्यांत घडलं. बायकांच्या पिशव्या मात्र त्याआधी कित्येक वर्षं निघत होत्या. गावच्या आशाताईंना ते माहीत होतं, दवाखान्यांना माहीत होतं, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते त्याबद्दल बोलतही होते. म्हणजे एप्रिलमध्ये नवं काय घडलं, तर बातमी घडली. आजार जुनाच होता. तो लोकांच्या आणि सरकारच्या नजरेत यायला छापून यावा लागला.

माध्यमं काय करतात, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात करता येते. अमेरिकेत १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल या गावातल्या शंभर मतदारांना विचारलं की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. त्यांची उत्तरं आणि त्या काळात माध्यमांनी ज्या विषयांना जास्त जागा दिली ते विषय, यांचा मेळ आश्चर्य वाटावं इतका जुळला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर एक गोष्ट सर्वमान्य झाली: कशाबद्दल विचार करायचा हे ठरवण्यात माध्यमांचा मोठा हात असतो.

पण बीडच्या प्रकरणातून याच्या पुढची गोष्ट शिकता येते, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. विषय लोकांपुढे आला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. यात दोष कुणाचा? आणि त्याचं उत्तर वाचकाला बहुतेक वेळा घटनेतून मिळत नाही, ती ज्या पद्धतीने सांगितली जाते त्यातून मिळतं.

एक घटना, पाच गोष्टी

आधी घटना नीट पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर आणणारा ठेकेदार, या जोडीला आधीच ‘उचल’ देतो. ती रक्कम पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. एखादा दिवस काम चुकलं तर तो ‘खाडा’, आणि त्याचा दंड पाचशे रुपयांच्या आसपास असल्याचं मजूर सांगत आले आहेत.

बाई पहाटे उठते, स्वयंपाक करते, फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरते. गाडी रात्री आली तर रात्रीही भरते. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं, जंतुसंसर्ग होतो, ओटीपोट दुखतं, रक्तस्राव वाढतो. दुखणं अंगावर काढत हंगाम संपतो. गावी परतल्यावर ती दवाखान्यात जाते. सरकारी दवाखाना लांब, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ भेटेल याची खात्री नाही, म्हणून खासगी. तिथे तिला सांगितलं जातं की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. औषधं, हार्मोन सोडणारी तांबी किंवा नुसतं आतलं अस्तर काढण्याची प्रक्रिया असे इतर उपाय असतात, ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत. वीस-तीस हजारांचा खर्च ती कर्ज काढून करते, पुष्कळदा मुकादमाकडूनच. म्हणजे पुढच्या हंगामाची उचल आणखी वाढते. पाळी थांबते, खाडा थांबतो. काही जणींचे अंडाशयही काढलेले असतात. मग तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात, सांधे धरतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

आता या एकाच घटनेची बातमी किती प्रकारे सांगता येते ते पाहा.

पहिली गोष्ट मुकादमाची. पाळी असलेली बाई त्याला नको असते, म्हणून बायकांना पिशवी काढायला लावली जाते. सक्ती करत नाही असं मुकादम म्हणतात. या गोष्टीत एक खलनायक आहे आणि उपाय सोपा आहे: मुकादमाला पकडा.

दुसरी गोष्ट डॉक्टरची. कॅन्सरची भीती घालून तो अनावश्यक शस्त्रक्रिया करतो, पैसे कमावतो. उपाय: दवाखान्यांवर निर्बंध घाला.

तिसरी गोष्ट बाईच्या अज्ञानाची. लहान वयात लग्न, लवकर दोन-तीन मुलं, मग ‘आता पिशवी हवी कशाला’ असं म्हणत तीच दवाखान्यात जाते. पाळीच्या स्वच्छतेची माहिती नाही, सॅनिटरी पॅड वापरत नाही. उपाय: जनजागृती, शिबिरं, पॅडचं वाटप.

चौथी गोष्ट दुष्काळाची. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून माणसं गाव सोडतात. यात दोषी कुणीच नाही, निसर्ग आहे. मदतीचं पॅकेज जाहीर झालं की बातमीही संपते.

पाचवी गोष्ट साखरेची. हा अब्जावधी रुपयांचा उद्योग आहे. तोडणी स्वस्त राहावी म्हणून मजुराला कारखान्याचा कामगार मानलंच जात नाही. मध्ये मुकादम असल्यामुळे कारखाना हात झटकू शकतो. फडाजवळ संडास, पाणी, दवाखाना, आजारपणाची भरपगारी सुट्टी यांची जबाबदारी कुणावरच येत नाही. उपाय: कामाच्या अटी बदला, आणि साखर विकत घेणाऱ्यांनाही जाब विचारा.

पाचही गोष्टींत तथ्य आहे, एकही धादांत खोटी नाही. पण वाचकाला त्यातली कोणती वारंवार ऐकू येते, यावर त्याचं मत बनतं. तिसरीच ऐकणारा वाचक म्हणेल, बिचाऱ्या अडाणी बायका. दुसरी ऐकणारा म्हणेल, डॉक्टर लुटारू झालेत. पाचवी ऐकणारा आपल्या चहातल्या साखरेकडे वेगळ्या नजरेने पाहील. पाचवी गोष्ट सगळ्यांत कमी सांगितली जाते. याची कारणं पुढे येतील.

तफावत आणि अन्याय

इथे ‘आरोग्यातली समता’ म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं. दोन गटांच्या आरोग्यात फरक असणं म्हणजे लगेच विषमता नव्हे. सत्तरीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा जास्त आजार असतात, त्यात अन्याय नाही. पण जो फरक टाळता आला असता, आणि जो माणसाची मजुरी, जात, लिंग, गाव किंवा घर यांमुळे पडतो, तो अन्याय्य असतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या बाईला पाळीत जास्त रक्तस्राव झाला तर ती सोनोग्राफी करते, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेते, सहा महिने गोळ्या घेऊन पाहते. ऊसतोड करणाऱ्या बाईचं शरीर वेगळं नसतं, तिच्याजवळचे पर्याय वेगळे असतात. हे पर्याय कुणी आणि कसे काढून घेतले, हे ज्या बातमीत येतं ती समतेची बातमी. नाही तर ती नुसती आजाराची बातमी राहते.

शांतो अय्यंगार या राजकीय संवादाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग इथे फार उपयोगी पडतात. त्यांनी लोकांना दूरचित्रवाणीवरच्या बातम्या दाखवल्या. काहींना गरिबीची बातमी एका गरीब माणसाच्या कहाणीतून दाखवली, काहींना बेरोजगारी, सरकारी धोरणं, आकडेवारी अशा व्यापक अंगाने दाखवली. मग विचारलं, गरिबीला जबाबदार कोण? व्यापक बातमी पाहिलेल्यांनी समाजाकडे आणि सरकारकडे बोट दाखवलं. एकाच माणसाची कहाणी पाहिलेल्यांचा कल त्या माणसालाच जबाबदार धरण्याकडे होता. कहाणीतली व्यक्ती काळी, एकटीने मुलं सांभाळणारी आई असली तर तिला दोष देणं आणखी वाढलं.

हे वाचून मला वाईट वाटलं, कारण आपली पत्रकारिता नेमका याच्या उलट विश्वास बाळगून चालते. एका बाईचा चेहरा दाखवला, तिच्या तोंडून तिची कथा ऐकवली की लोकांना व्यवस्थेचा राग येईल, असं आपण धरून चालतो. राग येतोच असं नाही. दया मात्र येते. आणि दयेच्या पाठोपाठ एक प्रश्न हळूच येतो: ‘पण हिने तरी का करून घेतलं ऑपरेशन?’

मग चेहरे दाखवूच नयेत का? तसंही नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगून मदत मागितली, तेव्हा सरासरी २ डॉलर ३८ सेंट मिळाले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे सांगितले तेव्हा १ डॉलर १४ सेंट. आणि रोकियाची गोष्ट व आकडे एकत्र दिले तेव्हा १ डॉलर ४३ सेंट. म्हणजे नुसत्या आकड्यांनी मन हलत नाही, उलट चेहऱ्याचा परिणामही ते कमी करतात. चेहरा दाखवला तर दोष त्या माणसावर जाण्याची भीती, आकडे दाखवले तर वाचक पान उलटतो. यातून वाट काढणं सोपं नाही. मला दिसणारी वाट अशी: बाईची गोष्ट सांगायची, पण तिच्या घरात थांबायचं नाही. तिच्या हातातल्या पैशाचा माग काढायचा. उचल कुठून आली, खाड्याचे पाचशे कुणाच्या खिशात गेले, ऑपरेशनचं कर्ज कुणी दिलं, टनामागे तोडणीचा दर कुणी ठरवला. मग चेहऱ्यामागची साखळी वाचकाला दिसते.

जसं निदान, तसा उपचार

मांडणी हा केवळ भाषेचा मामला असता तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण सरकार बहुतेक वेळा त्याच प्रश्नाचं उत्तर देतं जो त्याला विचारला जातो.

हीच शस्त्रक्रिया बीडच्या आधी राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमध्ये गाजली होती. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या उपचाराचं कार्ड मिळत असे. खासगी दवाखान्यांनी ते पैसे मिळवण्यासाठी बायकांची गर्भाशयं काढल्याचं उघड झालं. तिथली बातमी विमा घोटाळ्याची झाली. छत्तीसगडमध्ये २०१२ मध्ये काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ ला लागला: अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत. निकाल चांगला आहे, गरजेचाही आहे. पण त्याचा रोख दवाखान्यावर आहे, कारण प्रश्नच तसा मांडला गेला होता.

बीडमध्येही सगळ्यांत लवकर आणि ठळकपणे आलेला उपाय असाच होता. खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रियांना यामुळे चाप बसतो, यात शंका नाही. पण ज्या बाईला फडात पाणी नाही, आडोसा नाही, आजारी पडण्याची मुभा नाही, तिचं दुखणं या परवानगीने कमी होत नाही. दुसऱ्या गोष्टीवर दुसऱ्या गोष्टीचा उपाय झाला. पाचव्या गोष्टीवरचे उपाय, म्हणजे मजुरांची नोंदणी, कल्याणकारी महामंडळ, आरोग्य तपासण्या, हेही पुढे चर्चेत आले, काही सुरू झाले. पण त्यांच्यामागे कॅमेरे नव्हते, म्हणून त्यांना घाईही नव्हती.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ ही अमेरिकी वृत्तसंस्था यांनी याच ऊसतोड बायकांवर मोठा वृत्तांत केला. त्यात त्यांनी फडातून निघालेली साखळी कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत नेली. पाचवी गोष्ट एवढ्या मोठ्या आवाजात पहिल्यांदाच सांगितली गेली. उत्तर कुणी द्यायचं, ही यादी त्या एका वृत्तांताने लांब केली. बीडच्या बायकांची साखर कुठे जाते हे जगाला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने सांगावं, याचा विचार आपल्याकडच्या संपादकांनी जरूर करावा.

आकडा कुठून आला?

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आरोग्याच्या बातमीत लोकांचा सगळ्यांत जास्त विश्वास आकड्यावर असतो.

बीडच्या बाबतीत तीन आकडे सतत फिरले. पहिला, मंत्र्यांनी सभागृहात सांगितलेला: तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया. दुसरा, गोऱ्हे समितीचा: ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. तिसरा, डिसेंबर २०१९ मध्ये मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रातला: सुमारे ३० हजार.

हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की गोंधळ होतो, आणि गोंधळ झाला की ‘सगळं फुगवून सांगतात’ म्हणायला वाव मिळतो. खरं तर ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला आकडा दवाखान्यांतल्या शस्त्रक्रियांचा आहे, त्यात ऊसतोड न करणाऱ्या बायकाही आल्या. एकूण किती बायकांमागे हे प्रमाण, ते त्यातून कळत नाही. दुसऱ्यात ते कळतं: जवळपास १७ टक्के, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. तिसरा पत्रातला अंदाज आहे, आणि बातमीत तो आला तेव्हा अंदाज म्हणूनच यायला हवा होता.

१७ टक्के हे जास्त की कमी? तुलनेशिवाय सांगता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं, आणि अशा शस्त्रक्रियांपैकी दोन-तृतीयांश खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. ‘देशाच्या पाचपट’ असा मथळा इथून सहज निघतो. पण ३.२ टक्क्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही मोजल्या आहेत, ऊस तोडणाऱ्या बायकांचा गट तसा नाही. वय जुळवून पाहिलं तर तफावत आकसेल. नाहीशी होणार नाही, आणि जी उरेल तीही गंभीर आहे. अशी बातमी प्रामाणिक असते आणि टिकते. फुगवलेला आकडा एकदा खोटा ठरला की त्यामागची खरी बाईही खोटी ठरवली जाते. म्हणून आकड्याबद्दलची काटेकोर वृत्ती मला कोरडेपणाची वाटत नाही, ती त्या बायकांच्या बाजूने उभं राहण्याचाच एक भाग आहे.

आकडा बरोबर असूनही त्यातली विषमता कशी झाकली जाते, याचं उदाहरण मुंबईत आहे. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांतल्या ६,९३६ जणांच्या रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्त्यांत १६ टक्के लोकांमध्ये. एकाच शहरात, एकाच प्रभागात, रस्ता ओलांडला की संसर्गाचं प्रमाण साडेतीनपट. याची कारणं उघड होती: एका खोलीत सात-आठ माणसं, आणि शेकडो लोकांत मिळून एक सार्वजनिक संडास. घरांच्या विषमतेचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. पण चर्चा बरीचशी वेगळ्याच दिशेला गेली: झोपडपट्ट्यांत आता सामूहिक प्रतिकारशक्ती आली का, मुंबई सुटली का? आकडा तोच. एका मांडणीत तो घरांबद्दलचा सवाल होता, दुसरीत बाकीच्या शहरासाठी दिलासा.

विषमता दाखवली की लोक बदलतात का?

आरोग्यातली विषमता लोकांना दाखवून दिली की त्यांना ती दूर करावीशी वाटेल, असं मानणारे आपण बरेच जण आहोत. संशोधन इतकं आश्वासक नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या लोकांना कोविडचा फटका काळ्या समाजाला जास्त बसतो आहे हे वाचायला दिलं. ते वाचून त्यांची स्वतःबद्दलची भीती कमी झाली, इतरांबद्दलची आस्थाही कमी झाली आणि प्रतिबंधक उपायांना असलेला पाठिंबा घटला. ‘हा त्यांचा आजार आहे’ असं एकदा मनात बसलं की माणूस निर्धास्त होतो.

त्याआधी २००९ मध्ये सारा गोलस्ट आणि सहकाऱ्यांनी मधुमेहावर प्रयोग केला होता. मधुमेहाची सामाजिक कारणं सांगणारी बातमी वाचून डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूच्या लोकांचा सरकारी उपायांना पाठिंबा वाढला, रिपब्लिकन बाजूच्यांचा वाढला नाही. एकच बातमी, पण ती वाचणाऱ्याच्या आधीच्या मतांवर जाऊन आपटते.

हे निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्राला लावणं चूक ठरेल. तिथला वंशभेद आणि आपली जातव्यवस्था यांत फरक आहे, पक्षही वेगळे आहेत. पण सावध व्हायला ते पुरेसे आहेत. ‘ऊसतोड बायकांचा प्रश्न’, ‘आदिवासींचं कुपोषण’, ‘धारावीतला कोरोना’ अशी शीर्षकं वाचताना शहरातला मध्यमवर्गीय वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो का, हे तपासायला हवं. मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९० च्या दशकापासून येत आहेत, त्याही मुख्यतः पावसाळ्यात. इतकी वर्षं तेच वाचून अनेकांच्या मनात मेळघाट आणि कुपोषण यांची गाठ इतकी घट्ट झाली आहे की ती जणू तिथल्या मातीचीच गोष्ट असावी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि पुढे आशाताईंच्या देशभरातल्या कामात ती पद्धत आली. मृत्यूंच्या बातमीबरोबर दरवेळी ही गोष्ट सांगितली गेली असती, तर ‘हे असंच चालायचं’ ही भावना इतकी पक्की झाली नसती. जे टाळता येतं ते टाळता येतं हे वाचकाला दिसलं, तरच त्याला न टाळणाऱ्यांचा राग येतो.

पाचवी गोष्ट कमी का सांगितली जाते

यात पत्रकारांचा दुष्टपणा शोधू नये. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन तुटपुंजं असतं, त्याच्याकडून दिवसाला अमुक इतक्या बातम्या अपेक्षित असतात आणि जाहिराती आणण्याची जबाबदारीही बऱ्याचदा त्याच्यावरच असते. त्या जाहिराती कारखाने, शिक्षणसंस्था, दवाखाने आणि नेत्यांचे वाढदिवस यांतून येतात. मुकादमावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. कारखान्यावर लिहायला धैर्य लागतं आणि पाठीशी उभा राहणारा संपादक लागतो.

दुसरं कारण भूगोलाचं आहे. बाई आजारी पडते सांगली-कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडात. तिचं ऑपरेशन होतं बीडमध्ये. बीडच्या वार्ताहराला दवाखाना दिसतो, फड दिसत नाही. कोल्हापूरच्या वार्ताहराला उसाचा दर, शेतकऱ्यांचं आंदोलन, गाळपाचे आकडे दिसतात, पण कोपीत राहणारी बाई त्याच्या वाचकांपैकी नसते. ती तिथली मतदारही नसते. दोन जिल्ह्यांच्या पुरवण्यांच्या मध्ये तिची अर्धी गोष्ट गळून पडते.

सरकारी प्रचाराची अडचण आणखी वेगळी आहे. आरोग्य खात्याचं भित्तिपत्रक नेहमी बाईशी बोलतं: स्वच्छता राखा, पॅड वापरा, वेळेवर तपासणी करा, लोहाच्या गोळ्या घ्या. एकही सल्ला चुकीचा नाही. पण कारखान्याशी, मुकादमाशी, टोळीच्या तळासाठी जागा देणाऱ्याशी बोलणारं भित्तिपत्रक कुणी पाहिलं आहे? ‘तुमच्या तळावर पाण्याचा नळ आणि संडास आहे का?’ असं विचारणारं? सगळ्या सूचना एकाच दिशेने गेल्या की ऐकणाऱ्याला वाटू लागतं, ज्याने त्या पाळल्या नाहीत त्याचंच चुकलं. खुद्द त्या बाईलाही तसंच वाटू लागतं, आणि हे मला सर्वांत जास्त बोचतं.

म्हणून पुढच्या हंगामात बीडची बातमी वाचाल तेव्हा काही गोष्टी शोधा. बातमी फक्त दवाखान्यापाशी थांबते, की फडापर्यंत जाते? आकडा दिला आहे तर तो किती जणींपैकी, कोणत्या वयाच्या, कोणत्या काळातला? बाईचं म्हणणं आहे तसं कारखान्याच्या कार्यकारी संचालकाचंही आहे का, आणि साखर आयुक्तालयाला कुणी विचारलं का? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याने आणि जिल्ह्याने काय केलं, चाळिशीच्या आतल्या किती बायकांचं गर्भाशय काढलं गेलं आणि नोंदीत कारण काय लिहिलं, ही माहिती मागितली गेली का? नसेल तर संपादकाला पत्र लिहा, मेल करा. वार्ताहर मित्र असेल तर त्याला थेट सांगा. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं, आणि ऊस जिथे तोडला जातो त्या जिल्ह्यांतही असा अर्ज करता येतो: गेल्या हंगामात तोडणी मजुरांच्या किती तळांवर आरोग्य पथक गेलं, आणि त्यात स्त्री डॉक्टर होती का.